कुत्र्याचं डिपॉझिट: गणपतीला गावी जाताना झालेली फसवणूक

दिवाळीच्या सुट्टीत कुत्र्याला घेऊन गाडीने गावी निघायचा विचार असेल, तर हे आधी वाचा. गणपतीला निघताना आम्हाला फसवणाऱ्या माणसाला कुत्रा पाळणाऱ्यांची अडचण पुरेपूर ठाऊक होती, आणि त्याचा सगळा धंदा त्या अडचणीवरच उभा होता.

आम्ही डोंबिवलीचे. सासरचं घर मालवण तालुक्यात. आमचा गुंडू गावठी कुत्रा आहे, चांगला वीस किलोचा. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे मिळावा लागतो, नाहीतर त्याला गार्डाच्या डब्यातल्या पिंजऱ्यात ठेवावं लागतं. गणपतीत कूपे मिळणं अशक्य, आणि त्या पिंजऱ्यात गुंडूला रात्रभर एकटं ठेवायला घरातलं कुणीच तयार नव्हतं. म्हणून गाडी. पण या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर पाचशे किलोमीटरला किती तास लागतील हे कुणी सांगू शकत नाही, त्यात सासूबाईंचे गुडघे धरलेले. चिपळूणला रात्रीचा मुक्काम करायचं ठरलं.

मग फोनाफोनी. "कुत्रा? नाही हो, सणाचे दिवस आहेत." "बाहेर बांधणार असाल तर बघू." दिवसभर हेच. शेवटी ऑनलाइन नकाशावर चिपळूणच्या बाहेरचा एक होमस्टे सापडला. फोटो छान, लोकांचे अभिप्राय चांगले. तिथल्या नंबरवर फोन लावला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "ताई, बिनधास्त आणा. आमच्याकडेपण दोन लॅब आहेत." त्याने गुंडूचं नाव विचारलं, त्याला काय खायला लागतं ते विचारलं. व्हॉट्सअॅपवर त्याच्या लॅबचे, म्हणजे लॅब्रेडॉर कुत्र्यांचे, फोटोही आले. दिवसभर नकार ऐकल्यावर कुणी आपल्या कुत्र्याची चौकशी करतंय, याने मन किती हलकं होतं ते कुत्रा पाळणाऱ्यालाच कळेल.

खोलीचं भाडं 2,800 रुपये, निम्मा अॅडव्हान्स. ते रास्तच होतं. दुसऱ्या दिवशी निरोप आला की कुत्र्यासाठी वेगळं डिपॉझिट लागेल, 3,000 रुपये, खोली सोडताना परत. खरे होमस्टेवालेही कधी कधी असं डिपॉझिट घेतात, त्यामुळे यातही खटकण्यासारखं काही नव्हतं. पैसे पाठवताना यूपीआयवर नाव आलं ते होमस्टेचं नव्हतं, एका अनोळखी व्यक्तीचं होतं. "आमच्या मॅनेजरचं खातं आहे, ताई." पाठोपाठ गुंडूचं रेबीजच्या लसीचं कार्ड आणि आमचं आधार मागवून घेतलं, "पोलिसात नोंद द्यावी लागते" म्हणून.

खरा डाव पडला तो निघाल्यावर. आम्ही माणगावच्या कोंडीत अडकलो होतो, गुंडूला उलटी झाली होती, सासूबाई पुढच्या सीटवर कळवळत होत्या. तेवढ्यात त्याचा फोन. म्हणाला, डिपॉझिट चुकीच्या बुकिंगला लागलंय, ते आधी परत करतो, तुम्ही चिपळूणला आल्यावर रोख द्या. क्यूआर पाठवलाय, लगेच स्कॅन करा, नाहीतर बुकिंग आपोआप रद्द होईल. क्यूआरखाली मराठीत लिहिलं होतं: "रिफंड 3,000". एका हाताने गुंडूला धरून मी स्कॅन केलं, पिन टाकला आणि आणखी 3,000 रुपये गेले. मिनिटभरात त्याचा नंबर बंद.

पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच, खाली काहीही लिहिलेलं असो. प्रवासात फोन ज्याच्या हातात असेल त्याला निघण्यापूर्वी हे सांगून ठेवा, कारण ही माणसं रस्त्यावरच्या घाईचीच वाट बघत असतात.

चिपळूणला पोचलो तेव्हा रात्र झाली होती, वर पाऊस. होमस्टे खरा होता. फोटोतलं घर तेच, मालकही भला माणूस. त्याच्याकडे आमचं बुकिंग मात्र नव्हतं. आमच्याआधी पुण्याचं एक कुटुंब तसंच येऊन गेलं होतं, त्यांच्याकडेही कुत्रा. नकाशावरच्या नोंदीचा मालकाने स्वतः ताबा घेतलेला नसेल तर तिथला फोन नंबर बदलण्याची सूचना कुणीही करू शकतो. या मालकाला नकाशावर आपली नोंद आहे हेच माहीत नव्हतं. खोल्या भरलेल्या होत्या, तरी त्याने पडवी मोकळी करून दिली, सासूबाईंना आतली खाट दिली आणि गुंडूला दहीभात.

त्याच पडवीतून मी 1930 वर फोन केला. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेच्या नोंदीत प्रत्येक व्यवहाराला मिळणारा वेगळा क्रमांक), रक्कम, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा, हेच विचारतात. तक्रार जितकी लवकर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडण्याची शक्यता जास्त. आमचे शेवटचे 3,000 समोरच्या बँकेत गोठवले गेले, आधीचे 4,400 तोवर काढले गेले होते. गोठवलेले पैसे अजून आमच्या खात्यात आलेले नाहीत. बँकेकडून फार आशा धरू नका. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमांत ग्राहकाला जे संरक्षण आहे, ते आपण स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशांना सहसा मिळत नाही. आधारची प्रत द्यावीच लागली तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आमचं पूर्ण आधार त्या माणसाकडे आहे, आणि पैशांपेक्षा मला त्याची काळजी जास्त वाटते.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. त्या माणसाने आम्हाला एकदाही "नाही" म्हटलं नव्हतं. परतीच्या मुक्कामासाठी मालवणातल्या नात्यातून राजापूरजवळच्या एका बाईंचा नंबर मिळाला. त्यांनी फोनवर माझी उलटतपासणीच घेतली. कुत्रा केवढा? भुंकतो का? मांजरांवर धावतो का, आमच्याकडे पिल्लं आहेत. पलंगावर चढवायचा नाही, माजघरात आणायचा नाही, गोचीड असतील तर आधी औषध करा. ज्याच्या घरात खरंच कुत्रा राहणार असतो, तो असले प्रश्न विचारतोच. अॅडव्हान्स त्यांनी घेतलाच नाही, "या आधी, मग बघू" म्हणाल्या. ओळखीतून नंबर मिळत नसेल तर निदान व्हिडिओ कॉल करून घर, अंगण आणि त्यांचा कुत्रा दाखवायला सांगा. आमच्याकडे आलेले लॅबचे फोटो मी नंतर इंटरनेटवर शोधले. ते भलत्याच कुणाचे तरी होते.

होमस्टेच्या मालकाने आता नोंदीचा ताबा घेऊन नंबर दुरुस्त केलाय. तो माणूस मात्र थांबलेला नाही. गेल्या आठवड्यात ठाण्याच्या एका मैत्रिणीने दिवाळीसाठी गणपतीपुळ्याला चौकशी केली, तर तिला आलेल्या व्हॉइस मेसेजमध्ये तोच आवाज होता: "बिनधास्त आणा ताई, आमच्याकडेपण दोन लॅब आहेत." नंबर नवा, होमस्टेचं नाव वेगळं. तिने पैसे दिले नाहीत. तो नंबर आम्ही 1930 च्या तक्रारीत जोडला आहे. तुम्हालाही असा मेसेज आला तर पैसे गेले नसले तरी त्या नंबरची तक्रार सरकारच्या सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर नोंदवा, आणि ज्या होमस्टेचं नाव तो सांगतोय, त्याच्या खऱ्या मालकापर्यंत जमेल त्या ओळखीतून निरोप पोचवा.