टायटेनियमवर आरजीडी बसवायचंय, सिलेन घेऊ की पॉलिडोपामिन?

इम्प्लांटच्या टायटेनियमवर आरजीडी (पेशी ज्याला धरतात तो तीन अमिनो आम्लांचा क्रम असलेलं छोटं पेप्टाइड) लावून हाडाच्या पेशी काय करतात ते बघायचं ठरलं की पुढचा प्रश्न हाच येतो, पेप्टाइड चिकटवायचं कशानं. मी दोन्ही करून बघितलंय, त्यामुळे लिहितोय.

आधी सिलेन, म्हणजे धातूवरच्या ऑक्साइडला धरणारं सिलिकॉनचं संयुग. एपीटीईएस या सिलेनचा थर द्यायचा, त्यावर मॅलेइमाइडवाला लिंकर (जोडणारा रेणू), आणि पेप्टाइडच्या टोकाला ठेवलेलं सिस्टीन हे अमिनो आम्ल तिथे जाऊन अडकतं. पेप्टाइड एकाच टोकानं धरलं जातं, आरजीडी वर मोकळं राहतं आणि पेशीच्या इंटेग्रिनला (पेशी ज्यानं चिकटते त्या प्रथिनाला) सापडतं. केमिस्ट्री म्हणून मला आजही हीच जास्त स्वच्छ वाटते, आणि पेप्टाइड कुठल्या टोकानं बसलं यावरच ज्यांचा थीसिस आहे त्यांनी बहुतेक हीच घ्यावी.

पण मला नडली ती हवेतली ओल. मुंबईत पावसाळ्यात, ग्लोव्हबॉक्स नसलेल्या लॅबमध्ये सिलेन ज्यात विरघळवतात ते टोल्युइन कोरडं ठेवायचं म्हणजे रोजची लढाई. जरा पाणी शिरलं की एपीटीईएसचे रेणू टायटेनियमचा ऑक्साइड धरायच्या आधी एकमेकांनाच धरतात, पातळ थर राहतो बाजूला आणि गुठळ्या होतात, मग एकाच बॅचमधल्या एका डिस्कवर एमसी३टी३ (उंदराच्या हाडाच्या) पेशी छान पसरलेल्या आणि शेजारच्या डिस्कवर गोल गोल बसलेल्या, आता हा फरक पेप्टाइडचा की सिलेनचा हे सांगणार कोण? शिवाय तो सिलेनचा बंध पाण्यात हळूहळू सुटतो, आणि अलिझारिन रेड (पेशींनी साठवलेलं कॅल्शियम लाल रंगवणारी टेस्ट) करायला तर साधारण २१ दिवस डिस्क मीडियममध्येच बुडलेली असते.

पॉलिडोपामिनला, म्हणजे डोपामिनचे रेणू जोडून होणाऱ्या चिकट थराला, पाण्याचं वावडंच नाही. शिंपल्याच्या चिकटपणावरून सुचलेली ही पद्धत २००७ साली आली. ८.५ पीएचचा ट्रिस बफर, मिलिलिटरला २ मिलिग्रॅम डोपामिन, रात्रभर हलवत ठेवा, सकाळी डिस्क तपकिरी. त्यावर पेप्टाइडचं सोल्यूशन घातलं की झालं. माझ्या हाती तरी डिस्कागणिक फरक बराच कमी झाला, पेशी सगळीकडे सारख्या दिसायला लागल्या.

तोटे आहेतच. पेप्टाइड अमीननंही धरलं जातं, म्हणजे कुठल्या बाजूनं बसलं याची खात्री नाही. आणि नुसत्या पॉलिडोपामिनवरही पेशी आवडीनं चिकटतात, त्यामुळे साधं टायटेनियम एवढाच कंट्रोल ठेवलात तर सगळं श्रेय फुकट आरजीडीला जाईल. तपकिरी डिस्कवर अलिझारिनचा लाल रंगही नीट दिसत नाही, तो सीटिलपिरिडिनियम क्लोराइडमध्ये उतरवून ५६२ नॅनोमीटरला मोजावा लागतो. पण ही कटकट निदान आधीपासून माहीत असते, तिची सोय करता येते, ओलीचं तसं नाही.

कोरडी, नीट सोयीची लॅब असेल तर सिलेनला नाही म्हणू नका. बाकीच्यांनी, विशेषतः किनारपट्टीवर काम करणाऱ्यांनी, मला वाटतं पॉलिडोपामिनच घ्यावं. आणि काहीही घेतलंत तरी सोबत आरजीई पेप्टाइडचा (एकच अमिनो आम्ल बदललेलं, पेशी ज्याला धरत नाहीत ते) कंट्रोल मागवाच, आणि चिकटण्याची टेस्ट पहिले काही तास सीरमशिवाय करा, कारण सीरममधलं फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन ही प्रथिनं डिस्कवर जाऊन बसतात, त्यांच्यात स्वतःचं आरजीडी असतंच आणि तुमच्या दोन्ही डिस्क सारख्याच दिसायला लागतात.