गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बीएफआर: सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कबड्डीत चढाई करताना बोनस रेषेकडे पाय टाकला आणि उजवा गुडघा जागेवरच फिरला. एसीएल, म्हणजे गुडघा आतून धरून ठेवणारं लिगामेंट (अस्थिबंध), तुटलं. मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचा तुकडा घेऊन नवं लिगामेंट बसवलं. ऑपरेशन नीट झालं, पण तिसऱ्या आठवड्यात मांडी बघून रडूच आलं. फिजिओ मॅडमनी टेप लावली: गुडघ्याच्या वाटीपासून १० सेंटिमीटर वर दोन्ही मांड्यांच्या घेरात ४ सेंटिमीटरचा फरक.

स्नायू भरायला जड वजन लागतं आणि कोवळ्या ग्राफ्टवर (नव्यानं बसवलेल्या लिगामेंटवर) ते टाकता येत नाही. बीएफआरचा (ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन, म्हणजे रक्तप्रवाह अडवून करायचा व्यायाम) उपयोग इथेच होतो. जांघेजवळ हवेचा रुंद पट्टा बांधतात. पायात येणारं रक्त कमी होतं, परत जाणारं जवळपास अडतं. त्यामुळे हलक्या वजनातही स्नायू लवकर दमतो आणि एरवी जड वजनालाच जागे होणारे तंतू कामाला लागतात. जपानच्या योशिआकी सातो यांनी १९७३ मध्ये स्कीइंग करताना पाय दुखावल्यावर हे स्वतःवरच करून पाहिलं होतं.

माझा क्रम ठरलेला होता: चार सेट, ३०, १५, १५, १५ वेळा, मध्ये ३० सेकंद थांबायचं, पट्टा तसाच. लेग प्रेसला फक्त १५ किलो. पहिल्या दिवशी हसू आलं, दुसऱ्या सेटला मांडी पेटली. तिसऱ्या सेटला मी रेलिंग धरून ओरडत होतो. पट्टा सोडल्यावर पायात रक्त धावतं ते अगदी जाणवतं. ग्राफ्टला मात्र कधी ठणका लागला नाही.

आता कळकळीनं सांगतो, दाब मोजून घ्या. आधीच्या एका ठिकाणी नुसता इलॅस्टिकचा पट्टा अंदाजानं आवळला होता. पाऊल बधिर झालं, संध्याकाळपर्यंत मुंग्या जाईनात. इथे मॅडमनी डॉप्लरनं (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्रानं) घोट्याजवळची नाडी ऐकत, ती कुठल्या दाबाला थांबते ते आधी पाहिलं. माझं १८० (बीपीसारखंच, मिमी पाऱ्यात) आलं, म्हणून त्याच्या ८० टक्के, म्हणजे १४४ ठेवलं. पायात गुठळी होऊन गेली असेल किंवा बीपी आटोक्यात नसेल, तर सर्जनला विचारल्याशिवाय पट्ट्याला हातही लावू नका. ऑनलाइन स्वस्त पट्टे मिळतात, मी तरी घेणार नाही.

चौथ्या महिन्यानंतर वजन वाढवत पट्टा आठवड्यातून एकदाच ठेवला. नुसत्या पट्ट्यावर पूर्वीची ताकद येत नाही, जड वजनाकडे जावंच लागतं. घेरातला फरक आता १ सेंटिमीटर आहे. मैदानावर नववा महिना पूर्ण झाल्याशिवाय जायचं नाही असं सर्जननी बजावलंय. तोवर संध्याकाळी पोरांचा सराव कडेला बसून बघतो.