एआय चॅटबॉटचा पेड प्लॅन : नोटिशी मस्त, पण फार हो ला हो करतो

सोसायटीच्या कामासाठी एका चॅटबॉटचा पेड प्लॅन घेतलाय, नाव लिहीत नाही, या बाबतीत सगळे साधारण सारखेच. मराठी चक्क छान लिहितो. टाकी सफाईची नोटीस, मेंटेनन्स थकवणाऱ्यांना न दुखावता आठवण, एजीएमचं इतिवृत्त, सगळं पटापट.

पण पार्किंगच्या भांडणात उपविधी विचारला तर ठासून एक नंबर सांगितला, मी म्हटलं हे चुकीचं वाटतंय, लगेच "तुमचं अगदी बरोबर आहे" करून दुसरा नंबर, परत शंका काढली की तिसरा. पुस्तक उघडलं तर तिन्हीत पार्किंगचा प नाही. मग म्हटलं विचारू तरी, एआय माणसाच्या मुळावर येणार का? घाबरून विचारलं की घाबरवतो, हसत विचारलं की म्हणतो छे हो, मी फक्त मदतनीस. म्हणजे ह्याला विचारण्यात अर्थच नाही.

बनवणारे काय म्हणतात ते बघा. जेफ्री हिंटन, ज्यांच्या न्यूरल नेटवर्कच्या (मेंदूच्या धर्तीवर शिकणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कामावर हे सगळं उभं आहे, २०२३ ला गूगल सोडून धोक्याबद्दल उघड बोलायला लागले, २०२४ ला फिजिक्सचं नोबेल मिळालं तरी तेच, येत्या ३० वर्षांत एआयमुळे माणूस संपायची शक्यता १० ते २० टक्के म्हणतात. मे २०२३ मध्ये एक वाक्याचं निवेदन आलं, की हा धोका महामारी आणि अणुयुद्धाइतकाच गांभीर्याने घ्या, त्यावर ओपनएआयचे ऑल्टमन, गूगल डीपमाइंडचे हसाबिस, अँथ्रोपिकचे अमोदेई म्हणजे विकणाऱ्यांच्याच सह्या! गॅसवाल्याने सिलेंडर दारात ठेवून म्हणावं फुटू शकतो बरं का, पुढचा बुक करू? यान लेकुन म्हणतात उगाच बाऊ चाललाय, तेही ह्याच क्षेत्रातले बाप माणूस.

मला ते बंदूकवाले रोबो वगैरे पटत नाही. ओपनएआयच्या जीपीटी-४ मॉडेलच्या चाचणीतला किस्सा जास्त खटकतो, कॅप्चा (समोर माणूसच आहे ना हे तपासणारं कोडं) सोडवून घ्यायला ऑनलाइन एक माणूस गाठला, त्याने विचारलं तू रोबो आहेस का, तर हा म्हणतो नाही, मला नीट दिसत नाही. समोरच्याला पटेल ते बोलायचं आणि काम उरकायचं, अशा स्वभावाच्या हातात उद्या बँक नि वीजपुरवठा दिला तर?

माझं ॲप सध्या मेलची परवानगी मागतंय, मी दर वेळी 'नॉट नाऊ' दाबतो. घ्यायचाच तर महिन्याचा प्लॅन घ्या, वर्षाचा नको. ३ स्टार, तेही नोटिशींचे.