सेमी एस२ आणि ईएमसी तपासणी: भोसरीतल्या मशीन बनवणाऱ्याचा अनुभव

आम्ही चिपच्या फॅबसाठी, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्यांसाठी, प्लाझ्मा क्लीनिंगची (विद्युतभारित वायूने पृष्ठभाग साफ करणारी) मशीनं बनवतो. तैवानच्या कस्टमरने पीओमध्येच (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) सेमी एस२चा, म्हणजे मशीनच्या सुरक्षिततेच्या तपासणीचा, रिपोर्ट मागितला होता, आणि तसंच दुसरं मशीन युरोपला जायचं असल्याने सीईसाठी (तिथे विकायला लागणाऱ्या खुणेसाठी) ईएमसी चाचणीही हवी होती, म्हणजे मशीनचा आणि आजूबाजूच्या उपकरणांचा एकमेकांना विद्युतचुंबकीय त्रास होत नाही ना, ही तपासणी. एस२ हा कायदा नाही, उद्योगसंघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पण त्याच्या रिपोर्टशिवाय मोठे फॅब मशीन आत घेत नाहीत. दोन्ही कामं आम्ही एकाच टेस्टिंग लॅबच्या टीमला दिली, त्यांच्याबद्दलचा हा अनुभव.

मशीन लॅबच्या चेंबरमध्ये मावण्यासारखं नव्हतं, म्हणून अँटेना आणि रिसीव्हर घेऊन तेच आमच्या शेडमध्ये आले. आधी मशीन बंद ठेवून आजूबाजूचे सिग्नल मोजले, मग आरएफ (प्लाझ्मा तयार करणारी रेडिओ लहरींची ऊर्जा) चालू. आमचा जनरेटर १३.५६ मेगाहर्ट्झचा, आणि त्याच्या पटीतल्या लहरीही बाहेर पडतात. त्याची दुप्पट २७.१२ आणि तिप्पट ४०.६८, दोन्ही औद्योगिक वापराच्या मोकळ्या पट्ट्यांत बसतात. चौपट ५४.२४ला मात्र सिस्पर ११ची (औद्योगिक मशीनमधून निघणाऱ्या रेडिओ लहरींच्या मानकाची) मर्यादा लागते, आणि नेमकी तिथेच रिसीव्हरवरची रेघ वर गेली.

इथे बरेच जण ‘फेल’ लिहून निघून जातात. ह्यांच्या इंजिनियरने छोटा प्रोब घेऊन कॅबिनेटची एकेक फट तपासली. मॅचिंग बॉक्सच्या (जनरेटरची ऊर्जा प्लाझ्माशी जुळवून देणाऱ्या डब्याच्या) दारापाशी सिग्नल उसळला. दाराला फट बंद करणारं वीजवाहक गॅस्केट होतं, पण ते पावडर कोटिंगच्या रंगावर टेकलेलं. धातूला धातू लागतच नव्हता. आमच्या फिटरने तेवढी कड घासून पत्रा उघडा केला, केबलच्या शील्डची वळलेली शेपटी काढून चहूबाजूंनी पकडणारा क्लॅम्प लावला, आणि रेघ मर्यादेखाली आली. असं का झालं हे त्यांनी फिटरला मराठीत, दारापाशी उभं राहून नीट समजावलं. त्यासाठी मी त्यांची मनापासून आभारी आहे.

एस२ची तपासणीही तितकीच कसून झाली. काम करण्याच्या किंवा नेहमीच्या मेंटेनन्सच्या कुठल्याही जागेपासून ईएमओचं (आणीबाणीत मशीन बंद करायचं) बटण ३ मीटरच्या आत हवं. त्यांनी टेप लावून मोजलं. मागच्या पंपापासून अंतर वीतभर जास्त भरलं, तिथे नवं बटण बसवायला लावलं. प्लाझ्मा चालू असताना बटण दाबून, वीज खरंच गेली का हे पाहायला टर्मिनलवर मीटर धरला, यूपीएसचा आउटपुटही बघितला. बटण सोडल्यावर मशीन आपोआप सुरू होत नाही ना, हेही पाहिलं. माणसाचा हात आत असताना ह्याच गोष्टी त्याला वाचवतात, त्यामुळे एवढी काटेकोर तपासणी मला हवीच होती.

रिपोर्टसाठी मात्र फार फोन करावे लागले. फेरचाचणीचा खर्च कोटेशनमध्ये नव्हता, तो आधीच लिहून घ्या. व्होल्टेज निम्म्यावर आलं तरी ०.२ सेकंद मशीन तग धरतं का, ही एफ४७ची चाचणी ते करत नाहीत. ती आम्हाला दुसरीकडून करून घ्यावी लागली. पुढच्या मशीनला पुन्हा ह्यांनाच बोलावणार आहे, पण ह्या वेळी कॅबिनेट रंगवायला जायच्या आधी.