गोमेद म्हणून घेतलेली काच

"उजेडात धरा. आत पाक ढवळल्यासारखं दिसतंय ना? तीच खऱ्या गोमेदाची खूण," विक्रेता म्हणाला. मी अंगठी धरली. लालसर केशरी रंगात खरंच पाकाच्या तारा वळलेल्या दिसल्या. ही खूण मी आधीच वाचून गेले होते, म्हणून त्याच्यावर चटकन विश्वास बसला. तिथंच घात झाला.

खूण खोटी नाही. गोमेद हा गार्नेट या खनिजगटातल्या ग्रॉस्युलरचा प्रकार, म्हणजे कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमचं सिलिकेट. माती मिसळलेल्या चुनखडीला तप्त शिलारसाची धग लागली की तो तयार होतो. रंग येतो तो मुख्यतः लोहामुळे. श्रीलंकेतल्या नदीगाळात सापडणारे गोमेद तर फार नावाजलेले. त्यात इवले स्फटिक दाटीनं अडकलेले असतात, म्हणून आतला भाग साखर विरघळताना पाणी दिसतं तसा हलता वाटतो. पण वितळलेली काच नीट मिसळली नाही, तर तिच्यातही वळसे राहतात! नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. भिंग लागतं, आणि मी ते मागितलंच नाही.

काही महिन्यांनी अंगठी पुसताना पैलूंच्या कडा बोथट दिसल्या, वरच्या सपाट भागावर बारीक चरे. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांचा कठीणपणा 1 ते 10 च्या मोह्स मापावर 7. गोमेदाचाही साधारण तेवढाच, त्यामुळे तो इतक्या लवकर झिजत नाही. काचेचा साडेपाचच्या आसपास.

रत्नपरीक्षकानं खडा कोंदणातून सोडवला. कोंदण मागून बंद होतं. अशा दागिन्यात खड्याची मागची बाजू पाहताच येत नाही, म्हणून सुटा खडाच मागा. दहापट भिंगाखाली तीन बुडबुडे दिसले, अगदी वाटोळे, एकाच्या कडेला चकाकी. असे हवेचे बुडबुडे गोमेदात नसतात. मग अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा, पाहिला. गोमेदाचा 1.74 च्या जवळपास असतो, याचा आला 1.52. आणखी काही तपासायची गरजच उरली नाही.

त्याच दिवशी बिल घेऊन विक्रेत्याकडे गेले. त्यानं ते माझ्यासमोर सरकवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'केशरी खडा, एक नग.' गोमेद हा शब्द त्यावर कुठंच नव्हता.