तीन किलोवॅटचा ऑफ-ग्रिड सोलर सेट: घर चालतं, पण मीटर काढायची घाई नको

सध्या फार्महाउस, होमस्टे आणि वाडीवरच्या घरांसाठी ऑफ-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनशिवाय चालणाऱ्या, सोलरचं सगळीकडे एकच पॅकेज खपतंय: 550 वॅटची 6 पॅनेल, 48 व्होल्टचा 5 केव्हीए इन्व्हर्टर, आणि 12 व्होल्ट 150 एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) 4 ट्यूब्युलर (पाणी घालायच्या शिसे-आम्लाच्या) बॅटऱ्या किंवा त्यांच्याऐवजी एक लिथियम. स्टिकर कुणाचाही असो, आतला माल बराचसा सारखाच. म्हणून हे परीक्षण एखाद्या कंपनीचं नाही, या सेटचं आहे. बॅटरी धरून किंमत साधारण अडीच ते सव्वातीन लाख. जाहिरात सांगते, 'लाइटबिलाला कायमचा रामराम'. कोकणपट्टीत आणि घाटमाथ्यावर तो रामराम पावसाळा लागेपर्यंतच टिकतो.

आधी हिशेब. अडीचशे लिटरचा फ्रिज दिवसाला 1.1 युनिट, 30 वॅटचे 4 बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे दहा तास म्हणजे 1.2, एलईडी दिवे 0.4, टीव्ही-वायफाय-मोबाइल 0.6, अर्धा एचपी पंप तासभर आणि मिक्सर मिळून 0.6. बेरीज 3.9. कोटेशन देणारा बहुधा इथेच थांबतो. पण इन्व्हर्टर स्वतः 50 वॅटच्या आसपास खातो, तेही चोवीस तास. ते 1.2 युनिट धरले की आकडा 5.1 होतो, आणि त्यातले तीनहून थोडे जास्त युनिट सूर्य मावळल्यावर लागतात.

महाराष्ट्रात एका किलोवॅटला वर्षाची सरासरी रोज 4 युनिट धरतात, म्हणजे या सेटला 13. एप्रिल-मेमध्ये निम्म्याहून जास्त वीज वापराविना जाते. जुलैत झड लागली की तोच सेट दिवसाला साडेतीन-चार युनिटवर येतो. दिवसाचा वापर भागवून बॅटरीत जेमतेम दीड-पावणेदोन युनिट पडतात आणि रात्रीला तीन लागतात. संध्याकाळी पूर्ण भरलेल्या ट्यूब्युलर बॅटऱ्या झडीच्या दुसऱ्याच रात्री पहाटेआधी उतरतात, लिथियम तिसऱ्या रात्री. विक्रेते यावर आणखी बॅटऱ्या सुचवतात. ते उलटं आहे. रिकाम्या टाकीला दुसरी रिकामी टाकी जोडून पाणी वाढत नाही. इन्व्हर्टरची सोलर इनपुटची मर्यादा परवानगी देत असेल तर पॅनेल दुप्पट करा. त्यानंतरही चार-पाच दिवसांच्या सलग झडीसाठी जनरेटर किंवा महावितरणची लाइन, दोन्हींपैकी एक हवीच.

बॅटरीत सर्रास होणारी चलाखी सी10 आणि सी20 ची. सोलरसाठीची बॅटरी सी10 वर मोजलेली असते, म्हणजे दहा तासांत उतरवली तर पूर्ण 150 एएच देते. घरगुती इन्व्हर्टरची बॅटरी सी20 वर, म्हणजे वीस तासांत उतरवून मोजतात. तीच दहा तासांत उतरवली की कमी भरते. दोन्हींच्या अंगावर '150' हाच आकडा, म्हणून लेबल वाचूनच पैसे द्या. चार बॅटऱ्यांचे कागदावर 7.2 युनिट होतात; आयुष्य हवं असेल तर निम्मेच वापरायचे, 3.6. लिथियम फॉस्फेटची 51.2 व्होल्ट 100 एएच बॅटरी कागदावर 5.1 युनिटची असली तरी साडेचार देते. चार ट्यूब्युलरना दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालायला माणूस लागतो. शनिवार-रविवारच उघडणाऱ्या घराला म्हणूनच लिथियमच बरी.

ट्यूब्युलर मरतात त्या बहुतेकदा चुकीच्या सेटिंगमुळे. 150 एएच बॅटरीला 15 ते 22 अँपिअरपेक्षा जास्त चार्जिंग करंट द्यायचा नसतो. बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये कारखान्यातून 60 सेट होऊन येतो आणि 3.3 किलोवॅटची पॅनेल दुपारी तेवढा देतातही. बॅटरी तापते, पाणी उडतं, झाकणाशी आम्लाचा वास येतो. फिटिंगच्या दिवशीच हा आकडा 20 वर आणून घ्या. लिथियममध्ये 16 सेलची आणि 15 सेलची बॅटरी वेगळी: पहिलीला चार्जिंग व्होल्टेज 56 च्या आसपास, दुसरीला 53-54. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यातली डेटा केबल जोडली नसेल तर हे हातानेच भरावं लागतं.

फिटिंगमध्ये सगळ्यात महाग चूक पॅनेलच्या मालिकेची. 550 वॅटच्या पॅनेलचं उघडं (काहीही न जोडता मोजलेलं) व्होल्टेज 49-50 असतं. जुन्या धाटणीच्या 48 व्होल्ट इन्व्हर्टरच्या एमपीपीटीची (पॅनेलची वीज आत घेणाऱ्या भागाची) मर्यादा 145 व्होल्टची असते. त्यावर तीन पॅनेल एका ओळीत जोडली की दीडशेला पोचलंच, आणि थंडीच्या सकाळी व्होल्टेज आणखी चढतं. कार्ड जळतं आणि वॉरंटी हात वर करते. अशा इन्व्हर्टरला दोन-दोनच्या तीन ओळी हव्यात. नव्या इन्व्हर्टरची मर्यादा 450-500 व्होल्ट असेल तर सहाही एका ओळीत चालतात, वायरही कमी लागते. ओळीसाठी 4 चौरस मिमीची डीसी वायर पुरते. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत मात्र पूर्ण लोडला शंभरावर अँपिअर वाहतात, तिथे तांब्याची 35 चौरस मिमी घ्या आणि अंतर दीड मीटरच्या आत ठेवा. पॅनेलच्या वायरी जोडणारा एमसी4 कनेक्टर नर एका कंपनीचा आणि मादी दुसऱ्या कंपनीची असं जमवाजमव करून लावलं की तो सांधा तापून वितळतो.

अर्थिंगबद्दल जरा थांबून. जांभ्या दगडात साधा खड्डा पुरत नाही. केमिकल अर्थिंग (खड्ड्यात वीज वाहून नेणारी खास पूड भरून) करा आणि मोजून 5 ओहमच्या आत आणा. वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा), पॅनेलची डीसी बाजू आणि घराची एसी बाजू यांचे खड्डे वेगळे. वायरमनच्या लक्षातच न येणारी गोष्ट पुढची: गावच्या लाइनवर न्यूट्रल डीपीपाशी (ट्रान्सफॉर्मरपाशी) अर्थ केलेला असतो, म्हणून घरातला आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) शॉक लागताच पडतो. लाइन नसलेल्या घरात तो न्यूट्रल कुणीच अर्थ केलेला नसतो. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं की तो पडतो, सगळ्यांना बरं वाटतं, आणि प्रत्यक्ष गळतीला तो ढिम्म राहतो. इन्व्हर्टरच्या आउटपुटला न्यूट्रल-अर्थ बाँड, म्हणजे न्यूट्रल अर्थला जोडणारा तुकडा, हवा. इन्व्हर्टरला लाइनही जोडलेली असेल तर हा बाँड फक्त बॅटरीवर चालताना जोडणारी रिले (आपोआप चालणारा स्विच) लागते, कायमचा तुकडा मारायचा नाही.

आता कायदा. आपल्या छपरावर आपल्यापुरती वीज बनवायला परवाना लागत नाही. विद्युत कायदा 2003 च्या कलम 7 आणि 9 मध्ये हे स्पष्ट आहे. मीटर घेतलाच पाहिजे अशी सक्तीही नाही. अडचण सुरू होते ती तार कुंपणाबाहेर गेल्यावर. उरलेली वीज शेजाऱ्याला पैसे घेऊन देणं म्हणजे वितरण, आणि त्याला परवाना लागतो. कलम 14 मध्ये ग्रामीण भागासाठी सूट आहे, पण ती राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या भागापुरती. दोन घरांची भावकी असली तरी युनिटमागे दर लावू नका.

दुसरा सापळा शेतीपंपाच्या जोडणीचा. राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे, मग विहिरीवरच्या लाइनवरून सोलरची बॅटरी भरायचा मोह होतो. ही कलम 126 ची केस आहे: अनधिकृत वापर, आकारणी प्रत्यक्ष वापराच्या वर्गाच्या दुप्पट दराने, आणि वापर कधीपासून हे कळलं नाही तर मागच्या 12 महिन्यांची. घराला घरगुतीच जोडणी लागते.

तिसरं, मीटर ठेवून हा सेट बसवायचा आणि वीज लाइनवर पाठवायची नाही, तरी राज्य वीज नियामक आयोगाच्या 2019 च्या विनियमांप्रमाणे वितरण कंपनीला आधी कळवावं लागतं. एक अर्ज द्या, पोच घ्या. इन्व्हर्टर 'हायब्रिड' (बॅटरीवरही चालणारा आणि लाइनवर वीज पाठवू शकणारा) असेल तर एक्स्पोर्ट, म्हणजे बाहेर जाणारी वीज, शून्यावर सेट करून घ्या. नेट मीटर (आलेली आणि गेलेली वीज वेगळी मोजणारा) नसताना वीज बाहेर गेली तर नियमभंग होतोच, शिवाय बरेच साधे इलेक्ट्रॉनिक मीटर उलट गेलेली वीजही वापर म्हणून मोजतात. आपलीच वीज फुकट देऊन वर तिचं बिल भरायचं!

मीटर कायमचा बंद करून घेणाऱ्यांना वेगळाच त्रास होतो. गावाकडे अजूनही पत्त्याचा पुरावा म्हणजे लाइटबिल. बँक असो की रेशनकार्ड, खिडकीवरचा माणूस तेच मागतो. परत जोडणी हवी झाली तर कलम 43 खाली कंपनीला ती द्यावीच लागते, आणि खांब जवळ असेल तर ग्रामीण भागात 15 दिवसांची मुदत आहे. पण अर्ज, शुल्क आणि कागद नव्याने. घर बिगरशेती परवानगीशिवाय उभं असेल तर याच कागदांवर गाडी अडते. जुनी जोडणी असेपर्यंत हे कुणी विचारत नाही.

शिवाय सरकारी पैसा सगळा मीटरवाल्याकडे जातो. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000 मिळून 78,000 रुपये अनुदान आहे, पण लाइनशी जोडलेल्या आणि देशी सेलची पॅनेल असलेल्या सेटलाच. 10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीसाठी थांबावं लागत नाही. ऑफ-ग्रिड सेटला यातला एक रुपया नाही. उलट बाजूही सांगायला हवी: अनुदानवाला साधा ऑन-ग्रिड (लाइनशी जोडलेला, बिनबॅटरीचा) सेट लाइट गेली की भर दुपारीही बंद पडतो. लाइनमनला खांबावर शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टरने दोन सेकंदांत वीज तोडायची असते, नियमच आहे. हे न सांगता विकलेले सेट भरपूर आहेत.

तेव्हा खांब दोनशे-तीनशे मीटरच्या आत असेल तर पूर्ण ऑफ-ग्रिडचा हट्ट सोडा. सूर्यघरमधून हायब्रिड इन्व्हर्टर घ्या, बॅटरीचे पैसे स्वतः घाला, मीटरचा स्थिर आकार भरत राहा. खांब डोंगरापलीकडे असेल तर हा सेट चांगला आहे, फक्त 6 ऐवजी 12 पॅनेल आणि जोडीला छोटा जनरेटर घेऊन. गिझर आणि इंडक्शन गॅसवर न्या. एक एचपीचा पंप सुरू होताना पाच-सहा किलोवॅटचा झटका मारतो, त्याला सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारा) नाहीतर स्वतंत्र सोलर पंप बघा. समुद्राजवळ स्ट्रक्चर (पॅनेलचा सांगाडा) 80 मायक्रॉन गॅल्व्हनाइज्ड मागा. काळा रंग मारलेले पाइप दोन-तीन पावसाळ्यांत गंजतात. बिलावर प्रत्येक पॅनेलचा, बॅटरीचा आणि इन्व्हर्टरचा सीरियल नंबर लिहून घ्या, कारण पॅनेलची 25 वर्षांची हमी उत्पादक देतो, विक्रेता नाही, आणि नंबर नसेल तर उत्पादक दाद देत नाही.