वाय-फाय दुरुस्तीच्या नावाखाली झालेली लूट

मुलुंडला राहणाऱ्या माझ्या मामांच्या डेस्कटॉपचे वाय-फाय गेल्या पावसाळ्यात वरचेवर तुटू लागले. मोबाईलवर नेट व्यवस्थित चाले, संगणकावर मात्र जोडणी दिसत असूनही पान उघडत नसे आणि थोड्या वेळाने सारे आपोआप सुरळीत होई. राउटर बंद-चालू करून उपयोग झाला नाही, तेव्हा मामांनी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा ग्राहकसेवा क्रमांक गुगलवर शोधला. यादीत सर्वांत वर होता तो पैसे भरून लावलेल्या जाहिरातीतला क्रमांक, आणि तो कंपनीचा नव्हता. खरा क्रमांक बिलावर असतो. पण बिल ई-मेलने येऊ लागल्यापासून ते कोण उघडून पाहते?

फोन घेणारा मराठीत आणि अत्यंत अदबीने बोलत होता. ‘काका, लाइन आमच्याकडून ठीक आहे, दोष तुमच्या कॉम्प्युटरमध्ये दिसतोय,’ असे सांगून त्याने दूरवरून संगणक हाताळता येईल असे एक ॲप उतरवून घेतले आणि त्यातला क्रमांक विचारून पडद्याचा ताबा मिळवला. पुढे त्याने जे दाखवले त्यातले जवळजवळ सगळे खरे होते, आणि म्हणूनच हा प्रकार नीट समजून घ्यायला हवा. प्रथम त्याने विंडोजमधील इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे संगणकातल्या घडामोडींची नोंदवही, उघडला. तेथे लाल आणि पिवळ्या खुणांची लांबलचक यादी असते, ती अगदी निरोगी संगणकावरही असते, कारण एखादी सेवा, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम, सुरू व्हायला उशीर झाला तरी तिची नोंद तेथे होते. मामांना मात्र या साऱ्या खुणा म्हणजे शिरलेले व्हायरस असल्याचे सांगण्यात आले. मग अशा सेवांची (सर्व्हिसेस) यादी उघडून त्यातल्या बंद सेवा ‘हॅकरने बंद पाडल्या’ म्हणून दाखवल्या गेल्या, वास्तविक त्यांतल्या अनेक गरज पडेपर्यंत बंदच राहतात. शेवटी आज्ञा टंकण्याच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) ‘ट्री’ ही आज्ञा दिली. ही आज्ञा फक्त फोल्डरांची नावे भराभर छापते. ती छापली जात असतानाच त्याने ‘सिक्युरिटी धोक्यात’ अशा अर्थाचे वाक्य टंकले आणि यादी संपताच ते तपासणीचा निकाल असल्यासारखे तळाशी उमटले. (कारागिरी म्हणावी तर ही!)

यानंतर ‘मोबाईलचे वाय-फायही तपासतो’ म्हणत त्याने तेच ॲप मोबाईलवर घ्यायला लावले आणि नोंदणी शुल्क म्हणून दहा रुपये कार्डाने भरायला सांगितले. कार्डाचा तपशील संगणकाच्या पडद्यावर आणि ओटीपी मोबाईलच्या पडद्यावर, असे दोन्ही त्याला बसल्या जागी दिसत होते. फोन चालू असतानाच खात्यातून सुमारे अठ्ठेचाळीस हजार रुपये गेले.

मामेबहीण घरी आली, तिने बँकेचे संदेश पाहिले आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवून राष्ट्रीय पोर्टलवरही तक्रार नोंदवली. पैसे ज्या खात्यात वळवले गेले त्यात शिल्लक असलेली काही रक्कम गोठवली गेली, उरलेली तोवर काढली गेली होती. येथे रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक लक्षात ठेवावे. बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसताना झालेला व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकावर बोजा पडत नाही, असे त्यात आहे. मात्र ग्राहकाने स्वतः तपशील उघड केला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच धरले जाते आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. त्यामुळे अशा प्रसंगी नातेवाइकांशी चर्चा करत बसण्यापेक्षा आधी बँकेला फोन करणे महत्त्वाचे ठरते.

मी गेलो तो विंडोज नव्याने टाकण्यासाठी, कारण परक्याने हाताळलेल्या संगणकावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. त्याआधी सर्व पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले. नव्या विंडोजवरही वाय-फाय तुटतच होते! राउटरच्या पत्त्यावर, म्हणजे त्यांच्याकडे १९२.१६८.१.१ वर, सतत पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहणारी आज्ञा) लावून ठेवले तेव्हा उत्तरे मध्येच थांबत. राउटरकडूनच उत्तर येत नसेल तर दोष घरातला, आणि तेथपर्यंत सुरळीत पण बाहेर अडत असेल तर कंपनीच्या लाइनचा, एवढी तपासणी कोणालाही करता येते आणि तिच्यासाठी कोणाला पडदा दाखवावा लागत नाही.

डेस्कटॉपला वाय-फाय मिळत होते ते मागच्या बाजूला खोचलेल्या छोट्या यूएसबी ॲडॅप्टरवरून, आणि त्याला अगदी खेटून यूएसबी ३.० ची बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली होती. यूएसबी ३.० च्या वेगवान वहनातून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या वाय-फायमध्ये व्यत्यय आणतो, हे इंटेलने २०१२ मध्येच प्रसिद्ध केले आहे. त्यात मामांच्या इमारतीत प्रत्येक घरी राउटर, आणि या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. शिवाय मध्ये काँक्रीटच्या भिंती, म्हणजे संदेश आधीच क्षीण. हार्ड डिस्कवर फाइली उतरवताना जोडणी तुटायची आणि काम संपले की परत यायची. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एक यूएसबी एक्स्टेंशन वायर आणली, ॲडॅप्टर टेबलाच्या वर, डिस्कपासून दूर ठेवला, आणि डिस्क चालू असतानाही पिंगची उत्तरे अखंड येऊ लागली. गेलेल्या पैशांबाबत बँकेकडे केलेल्या अर्जाचा निर्णय मात्र अद्याप आलेला नाही.